हाडांचे माप आणि माणसाची योग्यता



आपले पूर्वज कोण होते, हा प्रश्न आपल्या वस्तीत, विहारात आणि धम्मशिबिरांत वारंवार विचारला जातो. कोणी म्हणतो, आपण नागवंशीय आहोत. कोणी म्हणतो, आपण या देशाचे मूळनिवासी, बाकीचे सारे उपरे. कोणी आफ्रिकेतील काळ्या माणसांशी आपले रक्ताचे नाते सांगतो. हे प्रश्न हौसेपोटी विचारले जात नाहीत. ज्यांना हजारो वर्षे सांगण्यात आले की तुम्ही ब्रह्मदेवाच्या मुखातून, बाहूतून, मांडीतून किंवा पायातूनही जन्मलेले नाही, त्यांनी आपला वंश स्वतः शोधायला निघावे यात नवल ते काय?

परंतु या एका प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न दडलेले आहेत. आपले पूर्वज कोठून आले व ते दिसायला कसे होते, हा पहिला. त्यावरून आपली योग्यता ठरते काय, हा दुसरा. पहिला प्रश्न शास्त्राचा आहे, दुसरा नीतीचा. या दोहोंची ज्या ज्या वेळी गल्लत झाली, त्या त्या वेळी माणसांच्या हाडांचे माप घेणाऱ्यांनी माणसांच्या गळ्यात साखळदंड अडकवले आहेत. म्हणून हे दोन प्रश्न वेगळे ठेवून विचार करण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आफ्रिकेच्या ईशान्य टोकाला, नाईल नदीच्या खोऱ्यात सापडते. इजिप्तचे पिरॅमिड, तेथील लिपी, गणित आणि वैद्यक पाहून युरोपातील लोक थक्क झाले. पण लगेच एक अडचण उभी राहिली. हे वैभव आफ्रिकेच्या भूमीवर उभे होते आणि आफ्रिकेच्या माणसांना तर अमेरिकेच्या बाजारात जनावरांसारखे विकले जात होते. ही अडचण दूर करण्यासाठी कवट्या मदतीला आल्या. फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल मॉर्टन या डॉक्टरने इजिप्तमधील कवट्या गोळा करून मोजल्या आणि १८४४ साली ग्रंथ लिहून निष्कर्ष सांगितला की प्राचीन इजिप्शियन लोक गोऱ्या वंशाचे होते व काळे लोक तेथे केवळ दास म्हणून होते. गुलामगिरीच्या समर्थकांना याहून अधिक काय हवे होते?

पुढे हाच विचार आणखी दक्षिणेला सरकला. आफ्रिकेत जेथे जेथे राज्य, शेती, धातुकाम किंवा सुव्यवस्था दिसली, तेथे तेथे ती बाहेरून आलेल्या उजळ वंशाने आणली, असे सांगितले जाऊ लागले. रुवांडात बेल्जियन राज्यकर्त्यांनी हा सिद्धांत कागदावर उतरवला. उंच व सरळ नाकाचे तुत्सी हे जन्मजात राज्यकर्ते आणि ठेंगणे व बसक्या नाकाचे हुतू हे जन्मजात सेवक, असे मानून १९३० नंतरच्या काही वर्षांत प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याचा गट लिहिला गेला. एकच भाषा बोलणारी, एकाच डोंगरावर राहणारी माणसे कागदाने कायमची विभागली. १९९४ साली त्याच देशात सुमारे शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे कापली गेली. रस्त्यावरच्या नाक्यानाक्यावर ओळखपत्र पाहून माणूस मारायचा की सोडायचा हे ठरत होते. नाकाच्या मापाचा सिद्धांत अखेर येथवर येऊन पोचतो.

या अन्यायाविरुद्ध आफ्रिकेतील विद्वान उठले, हे योग्यच झाले. सेनेगलचे शेख अंता दिओप यांनी प्राचीन इजिप्त ही काळ्या माणसांची संस्कृती होती, असे आयुष्यभर आग्रहाने मांडले. १९७४ साली युनेस्कोने कैरो येथे भरवलेल्या परिसंवादात त्यांनी जगातील इजिप्ततज्ज्ञांसमोर ही बाजू लढवली. ज्याच्या हातून त्याचा इतिहास हिसकावून घेतला आहे, त्याची ही तळमळ आपल्याखेरीज दुसरे कोण जाणणार?

तरीही आज शास्त्र काय सांगते ते पाहा. नाईल ही सहा हजार किलोमीटरांहून लांब नदी आहे. तिच्या मुखापासून वर वर जावे तसतसे माणसांचे रूप हळूहळू बदलत जाते. येथे गोरे संपले आणि येथे काळे सुरू झाले, अशी सीमारेषा तेथे कोठेच नाही. दक्षिण इजिप्तच्या प्राचीन लोकांची हाडे शेजारच्या न्यूबियाच्या लोकांशी पुष्कळ जुळतात आणि त्यांच्या हातापायांची लांबी उष्ण प्रदेशातील माणसांसारखी आहे. उलट, उत्तरेकडील अबुसिर एल-मेलेक येथील ममींच्या जनुकांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात पश्चिम आशियाशी जवळीक आढळली. नुवेरात येथे मातीच्या रांजणात पुरलेल्या, सुमारे साडेचार ते पावणेपाच हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाचे संपूर्ण जनुकवाचन २०२५ साली प्रसिद्ध झाले. त्याचा सुमारे चार पंचमांश वारसा उत्तर आफ्रिकेचा आणि एक पंचमांश मेसोपोटेमियाच्या बाजूचा निघाला. एका थडग्यावरून सारा देश सांगता येत नाही, हे त्या संशोधकांनीही मान्य केले आहे. तात्पर्य, काळा वंश आणि गोरा वंश हे दोन कप्पे त्या माणसांच्या मृत्यूनंतर हजारो वर्षांनी दुसऱ्याच खंडातील लोकांनी बनवले. त्या कप्प्यांत नाईलचा माणूस मावत नाही, कारण ते कप्पे त्याच्यासाठी केलेलेच नव्हते.

आता आपल्या देशाकडे वळू. मॉर्टनने जे कवटीने केले, ते येथे हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकाने केले. नाकाच्या रुंदीला उंचीने भागून शंभराने गुणायचे, की झाला नासिकांक. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्याचा दावा होता. १९०१ च्या जनगणनेचा तो आयुक्त होता आणि त्या जनगणनेत जातींची सामाजिक उतरंड लावण्याचा उद्योगही त्याने केला. मनुस्मृतीला जे धर्माच्या नावाने सांगायचे होते, ते आता शास्त्राच्या नावाने सांगितले गेले.

वास्तविक, नाकाची रुंदी ही बऱ्याच अंशी हवेची गोष्ट आहे. थंड आणि कोरड्या हवेत श्वास गरम व ओलसर करून घेण्यास अरुंद नाक उपयोगी पडते. उष्ण आणि दमट हवेत त्याची तेवढी गरज नसते. कातडीचा रंग हा उन्हाचा हिशेब आहे. कडक उन्हाच्या प्रदेशात गडद रंग शरीराचे रक्षण करतो, मंद उन्हाच्या प्रदेशात फिका रंग जीवनसत्त्व तयार होण्यास मदत करतो. ज्या निसर्गाने हे बदल घडवले त्याने त्यांवर उच्च-नीचतेचा शिक्का मारलेला नाही. तो शिक्का माणसाने मारला.

डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ सालच्या आपल्या ग्रंथात रिस्लेची मापे प्रांताप्रांताने तपासली. संयुक्त प्रांताचा ब्राह्मण हा त्याच प्रांतातील बहुतेक जातींपेक्षा पंजाबच्या चुहड्याला शरीराने अधिक जवळचा निघाला. परमपूज्य बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळ शोधावरील ग्रंथात हीच मापे हाती घेतली आणि रिस्लेचे शस्त्र रिस्लेवरच उलटवले. मापे खरी मानायची असतील तर ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. एक आर्य असेल तर दुसराही आर्य, एक द्रविड असेल तर दुसराही द्रविड, असे त्यांनी दाखवून दिले. त्याआधी १९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार यांच्यात वंशाचा फरक कोणता, हे त्यांनी विचारलेच होते. १९४६ साली शूद्रांवरील ग्रंथात आर्यवंशाच्या सिद्धांताचीही त्यांनी चिकित्सा करून तो नाकारला.

वाचकहो, येथे एक गोष्ट बारकाईने लक्षात घ्या. बाबासाहेबांनी हाडांच्या मापाने विरोधकाचा दावा खोडून काढला, पण आपला हक्क त्या मापावर उभा केला नाही. उद्या एखाद्या मापात फरक निघाला असता, तर त्यांनी चवदार तळ्याचे पाणी सोडून दिले असते काय? माणूस म्हणून पाण्यावर असलेला हक्क नासिकांकाच्या पूर्वीचा आहे आणि नंतरचाही आहे.

हे आज पुन्हा सांगण्याचे कारण असे की नाकाची जागा आता जनुकांनी घेतली आहे. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह २००९ आणि २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांवरून दिसते की भारतातील जवळजवळ सर्व लोकसमूह मिश्र आहेत. हे मिश्रण सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात घडले व नंतर थांबत गेले. २०१६ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात वरच्या जातींमध्ये आपसांतच विवाह करण्याची बंदिस्त रीत सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी पक्की झाल्याचे अनुमान काढले आहे. म्हणजे आधी माणसे एकमेकांत मिसळली आणि नंतर भिंती बांधल्या गेल्या. वंश भिन्न होते म्हणून जाती झाल्या, हा दावा येथे कोसळतो. अंतर्गत विवाहबंधन हाच जातीचा प्राण आहे, असे पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधात मांडले होते. शंभर वर्षांनी प्रयोगशाळेने त्या विचाराला दुजोरा द्यावा, याचा आपल्याला आनंद होणे साहजिक आहे.

पण आनंदाच्या भरात विवेक सुटता कामा नये. याच अभ्यासांत मिश्रणाचे प्रमाण जातीजातींत आणि प्रांताप्रांतांत सरासरीने कमीअधिक असल्याचेही दिसते. काही जण त्यातला आपल्या सोयीचा आकडा उचलतात आणि कोण परका व कोण मूळचा याचे दाखले वाटू लागतात. असा दाखला वाटणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा. आकडा उलटा निघाला असता, तर अस्पृश्यता न्याय्य ठरली असती काय? उत्तर नाही असे असेल, तर मग तो आकडा न्यायाचा आधार होऊच शकत नाही. आणि मूळचा म्हणजे किती मागचा? साऱ्या मानवजातीचे मूळ आफ्रिकेत आहे. तेथून निघालेल्या माणसांचीच आपण सगळी संतती. या अर्थाने युरोपातला गोरा आणि काशीगावच्या पाड्यावरचा वारली यांचे आजोळ एकच आहे.

यावर काही बांधव विचारतील, वंश खोटा असेल तर आमच्यावर झालेल्या अन्यायाचे काय? हा प्रश्न २००१ साली दरबान येथील वंशभेदविरोधी जागतिक परिषदेत प्रत्यक्ष उभा राहिला. दलित संघटनांनी जातिभेदाचा विषय तेथे मांडला, तेव्हा भारत सरकारची भूमिका होती की जात म्हणजे वंश नव्हे, म्हणून तो तेथील विषय होत नाही. जात म्हणजे वंश नव्हे, हे तर बाबासाहेबांचेच म्हणणे. पण येथे ते ढालीसारखे वापरले गेले. पुढच्याच वर्षी, २००२ साली, संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदनिर्मूलन समितीने स्पष्ट केले की जन्मकुळावरून होणाऱ्या भेदभावात जातीवरून होणारा भेदभावही येतो. यातला बोध सरळ आहे. वंश नसतानाही वंशासारखा छळ करता येतो. त्यासाठी रक्त वेगळे असावे लागत नाही, आईबापांचे नाव माहीत असले की पुरते. आपल्या संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, तेव्हा अस्पृश्यांचा वंश कोणता हे विचारले नाही. आरक्षण रक्ताच्या जुनेपणाबद्दल मिळत नाही, ते झालेल्या अन्यायाबद्दल आहे. डोंगराकडेच्या पाड्यांतील आदिवासींचा जमिनीवरचा हक्कही त्यांच्या कसण्यावर व राहण्यावर उभा आहे, त्यांच्या कवटीवर नव्हे.

काशीगावच्या परिसरात राहणाऱ्या वाचकांना हे समजून घेण्यासाठी इजिप्तला जाण्याची गरज नाही. महामार्गावरच्या काशीमिरा नाक्यावर आगरी, कोळी, वारली, ख्रिस्ती, कोकणातले, मराठवाड्यातले, उत्तर प्रदेशातले आणि गुजरातेतले लोक एकाच गर्दीत दिसतात. नाक पाहून त्यांची जात सांगण्याचा प्रयत्न कोणीही करून पाहावा. आणि ही गर्दी काही आजची नाही. दक्षिणेला डोंगरापलीकडे कान्हेरीची लेणी आहेत, जवळच खाडीकाठी घोडबंदर, खाडीपलीकडे उत्तरेला सोपारा. दोन हजार वर्षांपूर्वी तांबड्या समुद्रातून येणारी गलबते सोपारा आणि कल्याण या बंदरांना लागत. तेथील व्यापाऱ्यांची दाने कान्हेरीच्या शिलालेखांत नोंदलेली आहेत. समुद्राच्या त्या टोकाला इजिप्तच्या बेरेनिके बंदरात संगमरवराची बुद्धमूर्ती सापडल्याचे २०२३ साली जाहीर झाले. तेथे संस्कृत शिलालेखही मिळाला आहे. आफ्रिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर तथागताला वंदन करणारे कोणीतरी होते!

आणखी पुढे जाऊ. काशीगाव ज्या प्रदेशात आहे त्याला प्राचीन काळी अपरांत म्हणत. सम्राट अशोकाच्या काळात मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी देशोदेशी धम्मप्रचारक पाठवले, तेव्हा अपरांतात धम्मरक्षित थेर आले, असे महावंसात नोंदले आहे, आणि ते यवन होते. कार्ले, जुन्नर, नाशिक येथील लेण्यांत यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. आता सांगा, अपरांतातील धम्माचा पूर्वज कोण? रक्त मोजणारा म्हणेल, परदेशी. धम्म जाणणारा म्हणेल, आपला.

आफ्रिकेचे रक्त महाराष्ट्राला अपरिचित नाही. मलिक अंबर हा इथिओपियात जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. १६१० साली त्याने खडकी शहर वसवले, जे पुढे औरंगाबाद झाले व आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते. जमीनमहसुलाची त्याची घडी दख्खनने दीर्घकाळ लक्षात ठेवली. मुरुड-जंजिऱ्याला सिद्द्यांचे राज्य १९४८ पर्यंत होते. नाशिकजवळ शरणपूर येथे गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकन मुले शिकली. त्यांपैकीच जेकब वेनराइट हा लिव्हिंग्स्टनचे पार्थिव घेऊन १८७४ साली इंग्लंडला गेला. सिद्द्यांना आपण हबशी म्हणतो, म्हणजे अबिसिनियाचे. पण गुजरात व कर्नाटकातील सिद्द्यांच्या जनुकांचा अभ्यास २०११ साली झाला, तेव्हा त्यांचा आफ्रिकन वारसा प्रामुख्याने बांटू भाषा बोलणाऱ्या लोकांचा निघाला आणि त्यात भारतीय अंशही भरपूर सापडला. नाव एका देशाचे, रक्त अनेक देशांचे, भाषा मात्र इथल्या मातीची.

आणि या हबशी शब्दाचे आपण काय केले? ती शिवी झाली. येथे बोट दुसऱ्याकडे दाखवून चालणार नाही. आपल्याच घरात मुलगी जन्मली की पहिला प्रश्न रंगाचा असतो. बौद्ध वधू-वर मेळाव्यांच्या अर्जांतही रंग गोरा, गव्हाळ की सावळा याचा रकाना असतो आणि कधी कधी पूर्वाश्रमीच्या पोटजातीचाही असतो. फिक्या रंगाशी संबंधित असलेले एक प्रमुख जनुकरूप उत्तर भारतापासून दक्षिणेपर्यंत, इतकेच नव्हे तर इथिओपियातही आढळते. म्हणजे गोरेपण ही कोणत्याही वंशाची खासगी मालमत्ता नाही. तरीही आपण त्या रकान्यात रिस्लेची पट्टी घेऊन बसतो. ज्या मापाने आपल्याला हीन ठरवले, त्याच मापाने आपण आपल्या लेकींना मोजावे, याहून मोठा पराभव कोणता?

काही जण म्हणतील की बाबासाहेबांनीही नागपूरच्या भाषणात नाग लोकांचा गौरव केला होता. केला होता. पण कशासाठी? त्या लोकांनी धम्माचा प्रसार केला म्हणून. तो गौरव कार्याचा होता, नाकाडोळ्यांचा नव्हता. पूर्वजांचे स्मरण करणे आणि पूर्वजांच्या रक्तावर जगणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

वासेट्ठ सुत्तात भगवंतांनी हाच मुद्दा सांगितला आहे. गवत, झाडे, कीटक, मासे, पक्षी यांच्या जाती त्यांच्या शरीराच्या खुणांवरून भिन्न दिसतात; माणसाच्या केसांत, कानांत, नाकात, ओठांत तशी जातीची खूण नाही; माणसांतील भेद हे केवळ नावाचे आहेत आणि माणूस ब्राह्मण होतो तो कर्माने. अस्सलायन सुत्तात भगवंतांनी सांगितलेल्या कथेत कुळाचा अभिमान धरणारे ब्राह्मण स्वतःच कबूल करतात की सात पिढ्यांमागच्या आपल्या आजी कोणाकडे गेल्या होत्या हे त्यांना सांगता येत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा प्रश्न आजच्या प्रयोगशाळेतही तितकाच बोचरा आहे.

आणि कपिलवस्तूचा तो प्रसंग आठवा. तथागत भिक्षापात्र घेऊन नगरात फिरले, तेव्हा शुद्धोदन व्याकूळ होऊन म्हणाला की आपल्या वंशात कोणी भिक्षा मागितली नाही. तथागतांनी उत्तर दिले की तो तुमचा वंश, माझा वंश बुद्धांचा आहे. राजवंशात जन्मलेल्या पुरुषाने जन्माचा वंश बाजूला ठेवला आणि आचरणाचा वंश स्वीकारला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपणही तेच केले. धम्मदीक्षा म्हणजे नव्या पूर्वजांची निवड. त्या दिवशी सर्व माणसे समान आहेत असे मानण्याची प्रतिज्ञा आपण घेतली. त्या प्रतिज्ञेत माणूस या शब्दापुढे मूळचा, काळा, गोरा किंवा उपरा असे कोणतेही विशेषण नव्हते. म्हणून शास्त्र जरूर वाचा, मुलांना जनुकशास्त्र शिकवा, खोट्या मापांचा खोटेपणा चव्हाट्यावर मांडा. परंतु आपला स्वाभिमान कोणत्याही कवटीजवळ गहाण टाकू नका. आणि पुढच्या वधू-वर मेळाव्याचा अर्ज छापताना रंगाचा आणि पोटजातीचा रकाना काढून टाका. समतेची प्रतिज्ञा आपण पाळतो की नाही, याची परीक्षा त्या छोट्याशा कागदावर होणार आहे.